गाठीचं नाव सापडायला सात महिने: लिम्फोमा आणि जनुकांचं सिक्वेन्सिंग

खिडकीची_सीट | शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती आणि लोकलच्या गप्पांत असते, आरोग्य विभागात हा पहिलाच धागा. लांबलाय, चहा घेऊन बसा.

बाबा ६८ वर्षांचे, बेस्टमधून निवृत्त, भांडुपला आमच्याकडेच असतात. गणपतीत दाढी करताना त्यांच्या हाताला मानेच्या डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ लागली. आजी असती तर "अवधाण आलंय" म्हणून मोकळी झाली असती. फॅमिली डॉक्टरांनी पाच दिवस अँटिबायोटिक दिलं, गाठ तशीच. मग सुई तपासणी. रिपोर्टात लिहिलं की सूज दिसते, क्षयरोग नाकारता येत नाही. जीनएक्सपर्ट ही टीबीची तपासणी निगेटिव्ह आली, तरी एकेटी (टीबीची औषधं) सुरू झालं. मुंबईत मानेत गाठ म्हटली की आधी टीबी, आणि पुष्कळदा ते बरोबरच निघतं, म्हणून त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. असलाच तर थोडासाच आहे.

दिवाळीपर्यंत रोज संध्याकाळी ताप, रात्री बनियन पिळून काढावं इतका घाम, वजन सात किलोनं उतरलेलं आणि पाठीवर खाजरं पुरळ. पुरळासाठी दुसऱ्या एका डॉक्टरांनी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या आणि काय सांगू, आठवड्यात गाठी बसल्या, ताप गेला, बाबा नाक्यावर जाऊन वडापाव खाऊन आले! आम्हाला वाटलं एकेटी लागू पडलं. गोळ्यांचा कोर्स संपला आणि पंधरा दिवसांत सगळं दामदुपटीनं परत. आता काखेत, जांघेत. सोनोग्राफीत पाणथरी वाढलेली.

जानेवारीत काखेतली अख्खी गाठ काढली. तीन पानी रिपोर्ट, त्यात तीन उत्तरं: हॉजकिन लिम्फोमा असू शकतो, टी-सेल लिम्फोमा असू शकतो (दोन्ही लसिका-पेशींचे कॅन्सर), विषाणूची प्रतिक्रियाही असू शकते. ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड्स घेऊन आम्ही परळला दुसऱ्या मतासाठी गेलो. तिथल्या मॅडमनी आयएचसीचे (पेशींवरची प्रथिनं रंगवून ओळखायची तपासणी) आणखी मार्कर लावले आणि म्हणाल्या, "मला टी-सेल वाटतोय. पण हॉजकिन असेल तर औषध वेगळं, त्यामुळे नुसतं वाटून चालणार नाही. सिक्वेन्सिंग करू."

सिक्वेन्सिंग म्हणजे गाठीतल्या जनुकांची अक्षरं वाचणं. साडेतीन आठवडे थांबलो. २२ पानांचा रिपोर्ट आला. मॅडमनी पहिली चार पानं सरळ उलटली, पाचव्या पानावर एका ओळीभोवती पेनानं गोल केला आणि कागद माझ्याकडे फिरवला. आरएचओए, जी१७व्ही, ९ टक्के. "हे हवं होतं." नाव मिळालं: अँजिओइम्युनोब्लास्टिक टी-सेल लिम्फोमा. त्याच संध्याकाळी एकेटी बंद. केमोची दुसरी सायकल परवा झाली.

आता माझे प्रश्न. ही तपासणी पहिल्याच फेरीत करून घ्यायला हवी होती का? तुमच्यापैकी कुणी केली आहे? आणि त्या गोल केलेल्या ओळीत नेमकं काय होतं, हे मला अजून नीट कळलेलं नाही. मॅडमना विचारायचं धाडस झालं नाही, बाहेर पन्नास माणसं ताटकळत होती.

---

कोपरखळी | शनिवार, रात्री १०:३१

चहा संपला, धागा संपला नाही. बाबांना आराम पडो. वाचतोय.

---

काटकसरी_काका | शनिवार, रात्री ११:०४

ताई, आपल्या वडिलांना लवकर बरे वाटो ही प्रार्थना. परंतु एक रोखठोक प्रश्न विचारतो. या तपासणीला किती पैसे लागले? आमच्या सोसायटीतील एका गृहस्थांना अशीच तपासणी करायला सांगितली, हजारो रुपये गेले आणि औषध शेवटी तेच मिळाले जे आधी ठरले होते. हल्ली प्रत्येक ठिकाणी 'जेनेटिक' शब्द चिकटवून बिल वाढवण्याची पद्धत पडली आहे.

---

खिडकीची_सीट | शनिवार, रात्री ११:१५

काका, आम्हाला ३५ हजारांच्या आसपास पडले. मेडिक्लेमवाल्यांनी आधी नाही म्हटलं. दाखल होण्याआधीच्या खर्चात बसवायचं म्हणून पत्रं लिहिली, अजून लढाई चालू आहे. पण आमच्या बाबतीत औषध तेच मिळालं असं नाही म्हणता येणार. हॉजकिन धरून चाललो असतो तर एबीव्हीडी नावाची केमो, आता सीएचओपी या वेगळ्या केमोच्या धर्तीवर चाललंय.

---

रक्तरंजित | रविवार, सकाळी ७:५०

नावावर जाऊ नका, रक्ताचा पॅथॉलॉजिस्ट आहे. नाइटहून आलोय, टायपो पोटात घाला.

ताई, आधी त्या ओळीबद्दल. आरएचओए नावाचं एक जनुक आहे, त्यातून बनणारं प्रथिन पेशीच्या आत चालू-बंद होणाऱ्या बटणासारखं वागतं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. त्या माळेतला १७वा मणी ग्लायसिनचा असायला हवा, बाबांच्या गाठीतल्या काही पेशींत तिथे व्हॅलिन आहे. जी१७व्ही म्हणजे एवढंच. या एका मण्यामुळे बटण चालू होत नाही. हा बदल या आजारात निम्म्याहून जास्त रुग्णांत सापडतो, हे २०१४ साली जपान, अमेरिका आणि दक्षिण कोरियातल्या गटांनी जवळपास एकाच वेळी दाखवलं. हॉजकिनमध्ये किंवा साध्या सुजेत तो अपेक्षित नसतो. म्हणून गोल.

९ टक्के म्हणजे त्या जागेची जितकी वाचनं झाली त्यातल्या ९ टक्के वाचनांत हा बदल दिसला. कमी वाटतं, पण या लिम्फोमाची खोडच ती. गाठीत खऱ्या कर्कपेशी थोड्या असतात आणि त्यांनी जमवलेली गर्दी मोठी: चांगल्या टी-पेशी, बी-पेशी, प्लाझ्मा पेशी, इओसिनोफिल, नव्या रक्तवाहिन्यांचं जाळं. त्यात ईबीव्ही विषाणू शिरलेल्या मोठ्या बी-पेशी हुबेहूब हॉजकिनच्या पेशींसारख्या दिसतात. १९७४ मध्ये या आजाराचं पहिल्यांदा वर्णन झालं तेव्हा हा कॅन्सर आहे असंच वाटलं नव्हतं, रोगप्रतिकार यंत्रणेचा गोंधळ समजले होते. तुमच्या पहिल्या रिपोर्टात तीन उत्तरं होती ते पॅथॉलॉजिस्टच्या आळसामुळे नाही. तो प्रामाणिक होता.

जुन्या पद्धतीच्या सँगर सिक्वेन्सिंगला १५-२० टक्क्यांच्या खालचं धड दिसत नाही. ९ टक्के त्यातून निसटले असते. हल्लीची एनजीएस पॅनेल, म्हणजे अनेक जनुकं एकदम वाचणाऱ्या तपासण्या, तीच जागा शेकडो वेळा वाचतात, म्हणून सापडलं.

पहिल्याच फेरीत करायला हवी होती का? नाही. पहिल्या फेरीत अख्खी गाठ काढायला हवी होती. तुमचे सगळे महिने गेले ते सिक्वेन्सिंग नव्हतं म्हणून नाही, सुईवर भागवलं म्हणून गेले. सुईत चार पेशी सुट्या येतात. गाठीची रचना, म्हणजे कुठली पेशी कुणाच्या शेजारी बसली आहे, हे त्यात दिसतच नाही, आणि लिम्फोमाचं निदान त्या शेजारावर ठरतं. वर स्टिरॉइड. लिम्फोमाच्या पेशी स्टिरॉइडनं तात्पुरत्या विरघळतात. बायॉप्सीआधी स्टिरॉइड म्हणजे पंचनाम्याआधी खोली झाडून घेणं.

---

मेणाचा_ठोकळा | रविवार, सकाळी ९:२०

डॉक्टरांना +१०० त्या शेवटच्या परिच्छेदासाठी.

मी हिस्टोपॅथॉलॉजीत टेक्निशियन, एकवीस वर्षं मायक्रोटोमवर (गाठीचे पातळ काप काढायचं यंत्र). नाव का घेतलं ते कळलंच असेल. सिक्वेन्सिंगच्या मोठ्या गोष्टी सगळे करतात, गाठ बाटलीत कशी आली ते कुणी विचारत नाही.

मागच्याच महिन्यातली गोष्ट. उपनगरातल्या एका नर्सिंग होममधून लिंबाएवढी गाठ आली. बाटली खोकल्याच्या औषधाची, तोंड अरुंद. गाठ आत ढकलली होती, बाहेर काढायला बाटली कापावी लागली. फॉर्मलीन म्हणाल तर गाठीला जेमतेम शिवत होतं. वरून करडी, मधून कापली तर आत लाल, मऊ आणि वास मारणारी. फॉर्मलीन तासाला साधारण एक मिलिमीटर आत जातं, न चिरता बुडवून ठेवलेल्या गाठीचा गाभा तोवर सडतो. अशा गाठीचा डीएनए काढला तर त्याची भुकटी मिळते.

लोकांना एवढंच सांगेन: फॉर्मलीन १० टक्के बफर केलेलं हवं, गाठीच्या किमान दहापट. एक भाग बाजारचं फॉर्मलीन, नऊ भाग बफर. काही ठिकाणी बाजारचं फॉर्मलीन पाणी न घालता तसंच ओततात, काही ठिकाणी नळाचं पाणी घालतात. जुनं, बफर नसलेलं फॉर्मलीन आंबून त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डीएनए कुरतडतं. गाठ चार-चार दिवस त्यात पडून राहिली तरी नुकसानच. शनिवारी दुपारी काढलेली गाठ मंगळवारी आमच्याकडे येते, मध्ये रविवार आणि कुठली तरी सुट्टी. ही आमची रोजची रड.

आणि एक. गाठ काढायच्या आधीच सर्जनला सांगा की थोडा तुकडा फॉर्मलीनमध्ये न टाकता सलाइनमध्ये वेगळा द्या, टीबीच्या कल्चरसाठी. फॉर्मलीनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर कसलं करणार? फ्लो सायटोमेट्री (सुट्या पेशी यंत्रातून तपासणं) करायची असेल तरी ताजाच तुकडा लागतो. आपल्याकडे टीबी की लिम्फोमा हाच प्रश्न असतो आणि अर्ध्या वेळा अख्खी गाठ फॉर्मलीनमध्ये बुडवून मोकळे होतात.

---

कोपरखळी | रविवार, सकाळी ९:४१

नाश्ता करता करता वाचायचा प्रतिसाद नव्हता हा.

---

अळूवडी | रविवार, दुपारी १:०५

ताई, बाबांना शुभेच्छा. माझा अनुभव उलटा आहे, तोही लिहिते.

भावाला डीएलबीसीएल (बी-पेशींचा वेगानं वाढणारा लिम्फोमा), वय ४४. निदान आयएचसी आणि फिशवरच (जनुकं तुटलीत का ते बघायची तपासणी) स्पष्ट झालं होतं. तरी एका मोठ्या रुग्णालयात 'पूर्ण जनुकीय नकाशा' काढून घ्या म्हणाले. घाबरलेली माणसं आम्ही, काढला. रिपोर्टात निश्चित बदल दोन आणि त्याखाली 'अर्थ न ठरलेले बदल' म्हणून चौदा ओळी. रात्री दोन वाजेपर्यंत मी एकेक ओळ गूगलवर टाकत होते. त्यातलं एक जनुक स्तनाच्या कॅन्सरशी जोडलेलं निघालं, मग मला स्वतःची आणि मुलीची काळजी. पुढच्या भेटीत डॉक्टर म्हणाले, "ते सोडून द्या." सोडून द्यायचं होतं तर छापलं कशाला? औषध आर-सीएचओपीच होतं, तेच दिलं. काकांच्या सोसायटीतले गृहस्थ आमचेच वाटतात.

---

काटकसरी_काका | रविवार, दुपारी १:३०

मी हेच म्हणत होतो.

---

रक्तरंजित | रविवार, संध्याकाळी ६:१५

झोप झाली.

अळूवडीताई, तुमचा राग बरोबर आहे. त्या चौदा ओळी बहुधा गाठीच्या नसून भावाच्या स्वतःच्या होत्या. प्रत्येक माणसात जन्मजात असे अनेक फरक असतात, त्यांनी काही बिघडत नाही. फक्त गाठ तपासली आणि सोबत निरोगी नमुना तपासला नाही, तर जन्मजात कुठला आणि गाठीत नव्यानं आलेला कुठला, हे वेगळं काढणं अवघड जातं. मग प्रयोगशाळा मोठ्या याद्यांशी ताडून बघते: हा फरक इतर निरोगी लोकांत दिसतो का? त्या याद्या प्रामुख्यानं युरोपीय वंशाच्या माणसांच्या. आपल्याकडे सर्रास सापडणारा फरक तिथे दुर्मीळ दिसतो आणि 'अर्थ न ठरलेला' या खणात जाऊन बसतो. जीनोम इंडिया प्रकल्पात दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचून झालेत, जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. त्यातून हा खण हळूहळू रिकामा होईल. पण गूगलवर रात्री दोनला नाही होणार. टक्केवारी ५०च्या आसपास असेल तर तो बदल जन्मजात असण्याची शंका घ्यायची, आणि घराण्यात खरंच कॅन्सरचा इतिहास असेल तर जेनेटिक समुपदेशकाकडे जायचं. बाकी सोडून द्या हे खरंच. फक्त ते सांगायची पद्धत चुकली.

डीएलबीसीएलचं म्हणाल तर तिथे विज्ञान पुढे आहे आणि दवाखाना मागे. २००० साली कळलं की हा एक आजार नाही, जनुकांच्या हालचालीवरून त्याचे किमान दोन प्रकार पडतात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी वेगवेगळ्या वाटांनी जाऊन आणखी बारीक पोटप्रकार काढले. अभ्यासायला सुंदर आहे. पण बहुतेक ठिकाणी पहिलं औषध आजही आर-सीएचओपीच्या घराण्यातलंच असतं, आणि साठएक टक्के रुग्ण त्यानं बरे होतात. पोटप्रकार बघून औषध जोडण्याच्या चाचण्या चालू आहेत. तुमच्या भावाच्या बाबतीत फिश जास्त महत्त्वाचं होतं, मिक आणि बीसीएल-२ ही दोन्ही जनुकं तुटलीत का ते बघायला. दोन्ही तुटली असतील तर आजार जास्त आक्रमक धरतात. आणि हे तुटणं साध्या डीएनए पॅनेलमधून निसटू शकतं, कारण मिक जनुकाच्या आजूबाजूला तुटायच्या जागा दूरवर पसरलेल्या असतात. सिक्वेन्सिंग केलं म्हणून फिश टळत नाही.

मग सिक्वेन्सिंग कुठे कामाचं? माझ्या रोजच्या कामातलं सांगतो.

हाताशी दोन नावं आहेत आणि आयएचसीनं सुटत नाही, तिथे. हेअरी सेल ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरात जवळपास प्रत्येक रुग्णात बीआरएएफ जनुकातला व्ही६००ई हा बदल सापडतो, हे २०११चं. वाल्डनस्ट्रॉम नावाच्या हळू वाढणाऱ्या लिम्फोमात एमवायडी८८ जनुकातला एल२६५पी हा बदल नव्वद टक्क्यांहून जास्त जणांत, हे २०१२चं. शेजारच्या मार्जिनल झोन लिम्फोमात तो क्वचित, त्यामुळे भांडण मिटतं. अर्थात एकट्यावर विसंबायचं नाही, हाच बदल काही डीएलबीसीएलमध्ये आणि मेंदूतल्या लिम्फोमातही असतो. रिपोर्ट स्लाइडशेजारी ठेवूनच वाचायचा असतो, तोच नियम.

दुसरं, नाव माहीत आहे पण औषध ठरवायचंय तिथे. मँटल सेल लिम्फोमात किंवा सीएलएल या रक्ताच्या कॅन्सरात टीपी५३ जनुक बिघडलेलं असेल तर नेहमीची केमो फारशी चालत नाही, हे आधी कळलेलं बरं. सीएलएलमध्ये आयजीएचव्ही जनुक बदललेलं आहे की नाही, तेही एकदा बघून घेतात.

याखेरीज कुणी 'सगळंच करून घेऊ' म्हटलं तर विचारा: उत्तर हो आलं तर काय बदलेल आणि नाही आलं तर काय? दोन्हीला उत्तर एकच मिळालं तर काकांचं ऐका.

---

काटकसरी_काका | रविवार, संध्याकाळी ६:४८

डॉक्टरसाहेब, आपण माझ्या बाजूने बोलाल अशी अपेक्षा नव्हती. आभारी आहे. एक शंका. टीबी की कर्करोग, हे जनुकावरून सरळ का कळत नाही? 'क्लोनॅलिटी' असा काही शब्द वाचला होता.

---

रक्तरंजित | रविवार, संध्याकाळी ७:२०

काका, लोकलच्या डब्याचं उदाहरण घेऊ, धागाकर्तीच्या नावाला साजेसं. प्रत्येक बी किंवा टी पेशी तयार होताना आपल्या काही जनुकांचे तुकडे कापून स्वतःपुरते जोडते. म्हणजे प्रत्येकीच्या खिशात वेगळ्या नंबरचा पास. जंतूमुळे गाठ सुजली तर डब्यात गर्दी वाढते पण पास शंभर जणांचे शंभर. लिम्फोमात एकाच पेशीची पिलावळ असते, टीसीनं तपासलं तर अर्ध्या डब्याकडे एकाच नंबरचा पास. हे बघायची पीसीआरची ठरलेली पद्धत २००३ पासून जगभर वापरात आहे, आता ते सिक्वेन्सिंगनं जास्त स्वच्छ दिसतं.

पण गोम अशी की ईबीव्ही किंवा दुसऱ्या संसर्गातही कधी कधी एका नंबरचे चार-पाच पास सापडतात. वयस्कर माणसांत तर विशेष करून. आणि टीबी असताना लिम्फोमा नसतो असं थोडंच आहे? दोन्ही एकाच गाठीत पाहिलेत मी. म्हणून 'क्लोनल' आलं की कॅन्सर, असा शिक्का मारायचा नाही.

ताई, तुमच्या रिपोर्टात टीईटी२ जनुकातला बदल पण असेल. तेही असंच. उतारवयात पुष्कळ निरोगी माणसांच्या रक्तात ते सापडतं. एकटं टीईटी२ आलं असतं तर मॅडमनी गोल केला नसता.

---

खिडकीची_सीट | रविवार, रात्री ९:०२

आहे! टीईटी२ दोनदा आहे, आणि आयडीएच२ या आणखी एका जनुकातला आर१७२ पण. आत्ता कपाटातून फाइल काढून पाहिली. डॉक्टर, शेजारी बसून रिपोर्ट वाचल्यासारखं वाटलं. मनापासून आभार.

आणखी एक. एका कागदावर आजाराचं नाव 'नोडल टीएफएच सेल लिम्फोमा' आहे, दुसऱ्यावर 'फॉलिक्युलर हेल्पर टी-सेल लिम्फोमा'. बाबा म्हणतात, एकाच माणसाला दोन आजार झाले वाटतं, स्कीममध्ये एकावर एक फ्री.

---

रक्तरंजित | रविवार, रात्री ९:१०

बाबांना दंडवत. आजार एकच. २०२२ मध्ये तज्ज्ञांत फूट पडली आणि एकाच वर्षी दोन वर्गीकरणं आली, एक जागतिक आरोग्य संघटनेचं आणि एक दुसऱ्या गटाचं. दोघांनी जनुकांना महत्त्व वाढवलं, पण बारशाला एकमत झालं नाही. विमा कंपनीला पत्र लिहिताना दोन्ही नावं लिहा, नाहीतर तेवढ्यावरून क्लेम अडकवतील.

---

बिनधास्त_बोरिवली | रविवार, रात्री १०:३६

एवढं कापाकापी कशाला? हल्ली रक्तातून सगळं कळतं ना? ट्रेनमध्ये जाहिरात बघितली, 'एका थेंबात कॅन्सर ओळखा'.

---

रक्तरंजित | रविवार, रात्री १०:५५

थेंबावर नका जाऊ. रक्तात मेलेल्या कर्कपेशींचे डीएनएचे तुकडे तरंगतात हे खरं आहे आणि लिम्फोमात त्याचा उपयोग वाढतोय. गंमत म्हणजे हॉजकिनमध्ये ते गाठीपेक्षा सोपं पडतं. हॉजकिनच्या गाठीत खऱ्या कर्कपेशी साधारण शंभरात एखादी, बाकी बघ्यांची गर्दी. अख्खी गाठ वाटून सिक्वेन्स केली तर बघ्यांचंच जनुक वाचून होतं. प्लाझ्मात मात्र त्या पेशींची सही सापडते. मेंदूतल्या लिम्फोमात, जिथे कवटी उघडणं धोक्याचं असतं, तिथे पाठीतल्या पाण्यात एमवायडी८८ शोधणं हा मोठा आधार आहे.

पण रक्तात काही नाही सापडलं म्हणजे आजार नाही, असं होत नाही. गाठ हाताला लागत असेल तर ती काढा आणि बघा. थॉमस हॉजकिननं १८३२ साली उघड्या डोळ्यांनी गाठी बघूनच सुरुवात केली होती. सूक्ष्मदर्शकसुद्धा नव्हे.

---

पंचगंगा_काठ | सोमवार, सकाळी ६:४०

नमस्कार. मी इचलकरंजीचा. दहा दिवस झाले, मुलाला घेऊन मुंबईत आहे, दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत उतरलोय. पोराचं वय २३, मानेत आणि छातीत गाठी. गावाकडं गाठ काढली, रिपोर्ट हॉजकिनचा आला, इथं म्हणाले ब्लॉक आणा, आम्ही परत तपासणार. लहान भाऊ आज रात्रीच्या एसटीनं ब्लॉक घेऊन निघतोय. रक्तरंजित सरांचं वाचून प्रश्न पडला, आमच्या पोराचं पण सिक्वेन्सिंग करायला सांगू का? रात्रभर झोप नाही.

आणि दुसरं, ब्लॉक मेणाचा असतो म्हणे. आमच्याकडं ऊन लई आहे. वितळला तर?

---

रक्तरंजित | सोमवार, सकाळी ७:३०

दादा, २३ वर्षं, मानेत आणि छातीत, रिपोर्ट हॉजकिनचा. हे चित्र जुळतंय. सीडी३०, सीडी१५, पॅक्स५ हे मार्कर लागले की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो, सिक्वेन्सिंग लागत नाही. आपणहून मागू नका. स्लाइड बघणाऱ्या डॉक्टरांना शंका आली तर ते स्वतः सांगतील. या वयातला हॉजकिन बरा होण्याचं प्रमाण खूप चांगलं आहे, हे पोराला सांगा. आणि जेवून घ्या.

---

अळूवडी | सोमवार, सकाळी ८:१५

दादा, मी दादरलाच असते. काही लागलं तर व्यनि करा. डबा आणून देऊ शकते, खरंच संकोच नको.

---

खिडकीची_सीट | सोमवार, सकाळी ८:४०

पंचगंगा दादा, ब्लॉकबरोबर सगळ्या स्लाइड्स आणि मूळ रिपोर्टाची प्रत भावाला आणायला सांगा, शस्त्रक्रियेच्या कागदासकट. आम्ही एक स्लाइड विसरलो होतो, चार दिवस गेले. ब्लॉकवर जो नंबर कोरलाय तोच रिपोर्टवर आहे ना, हे तिथेच लॅबच्या खिडकीवर उभं राहून ताडून घ्यायला सांगा. बाबांच्या ब्लॉकवर शेवटचा आकडा पुसट होता, ३ की ८ यावर अर्धा तास गेला.

---

मेणाचा_ठोकळा | सोमवार, सकाळी ९:०५

मेणाचं मी सांगतो. आमचं मेण ५६-५८ अंशांच्या आसपास वितळतं. नुसत्या हवेच्या उष्म्यानं वितळत नाही, पण उन्हात उभ्या गाडीत खिडकीपाशी किंवा डिकीत इंजिनाच्या बाजूला ठेवला तर मऊ पडतो आणि कागदाला चिकटतो. भावाला सांगा, रात्रीची गाडी आहे ते उत्तम. ब्लॉक प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कडक डब्यात, डबा हातातल्या बॅगेत, अंगाजवळ. वर टपावर नाही, डिकीत नाही. बर्फ लावायची गरज नाही, लावलाच तर पाणी आत जाणार नाही असं बघा. स्लाइड्स काचेच्या, त्या वेगळ्या कापसात, नाहीतर खंबाटकी उतरेपर्यंत चुरा.

आणि लॅबमध्ये ब्लॉक देताना चिठ्ठी लिहून द्या: 'आधी पुढच्या तपासणीसाठी कोरे काप राखून ठेवा, मग मार्कर लावा.' एकेक मार्कर लावायला तीन-चार मायक्रॉनचा काप जातो. तुकडा लहान असेल तर वीस मार्कर होईतो गाठ संपत येते, नुसतं मेण उरतं. मग डॉक्टर म्हणतात सिक्वेन्सिंग करा आणि मी म्हणतो, कशाचं?

भाऊ किती वाजता उतरतोय परळला? मी साडेआठला जवळच चहाच्या टपरीवर असतो. तिथनं पुढे कुठली खिडकी ते दाखवतो.

---

पंचगंगा_काठ | सोमवार, सकाळी ९:१८

साडेसातला दादरला उतरंल. साडेआठला पोचतो. निळी पिशवी, स्टीलचा डबा.